पहिल्या हंगामाचे त्रेचाळीस सामने : फुटबॉल पंच होताना

मे 2024 मध्ये जिल्ह्यातील नवोदित फुटबॉल पंचांच्या वर्गाची सूचना माझ्या वाचनात आली, तेव्हा माझे वय 29 होते, महाविद्यालयाच्या संघातून खेळणे सुटून सात वर्षे झाली होती आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी हिशेबाचे काम करत होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत कोल्हापूरला गेले की मामा मला शाहू स्टेडियमवर सामने पाहायला नेत. तालीम मंडळांच्या त्या सामन्यांत सगळे गॅलरीतून खेळाडूंकडे पाहत असत, आणि माझी नजर मात्र शिट्टी वाजवणाऱ्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जाई. इतक्या गोंगाटात हा माणूस ठरवतो कसा, हे मला तेव्हापासून जाणून घ्यायचे होते.

आता ऑगस्ट 2025 मध्ये माझा पहिला हंगाम पूर्ण झाला आहे. वर्गात नियम उत्तम शिकवले गेले, परंतु सामना चालू असताना पंचाच्या छातीत, पायांत आणि डोक्यात काय घडते, हे मला सविस्तर सांगणारे कोणी भेटले नाही. या वाटेवर येणाऱ्या मुलामुलींना ते आधीच ठाऊक असावे, म्हणून तारखा आणि खर्चासह हे लिहीत आहे.

अर्जासोबत आधार कार्ड, दहावीचे प्रमाणपत्र, दोन छायाचित्रे आणि एमबीबीएस डॉक्टरांचे शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र द्यायचे होते. शुल्क 1,000 रुपये होते. प्रमाणपत्राचे 300 आणि ईसीजीचे 250 रुपये वेगळे लागले. ईसीजी सक्तीचा नव्हता, तरी मी तो काढून घेतला, आणि तिशीच्या आसपास नव्याने धावायला लागणाऱ्या प्रत्येकाने तो काढावा असे मला वाटते. वर्ग 15, 16, 22 आणि 23 जून असे दोन शनिवार-रविवार झाला. आम्ही 26 जण होतो आणि त्यांत स्त्रिया दोन. सतराही नियम चार दिवसांत समजून घ्यायचे असल्यामुळे वेग बराच होता. बाराव्या नियमातील निष्काळजी, बेपर्वा आणि अवाजवी बळ या तीन पायऱ्यांवरच एक संपूर्ण दुपार गेली. पहिल्या पायरीला केवळ फाउल, दुसऱ्या पायरीला पिवळे कार्ड आणि तिसऱ्या पायरीला लाल, हे पाठ करणे सोपे आहे. धावता धावता त्यांतील फरक ओळखणे किती अवघड आहे, ते मला पुढे डिसेंबरात कळले.

लेखी परीक्षा 30 जूनला झाली, त्यानंतर लगेच तोंडी परीक्षाही घेतली गेली. निकालासाठी 24 दिवस वाट पाहावी लागली, आणि त्या काळात दूरध्वनी करूनही नेमकी तारीख समजली नाही. मी उत्तीर्ण झाले होते. शारीरिक चाचणी 4 ऑगस्टला ठरली.

या चाचणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक जण येथेच अडतात. तिचा साचा फिफाच्या चाचणीचाच असतो, वेळेची मर्यादा मात्र श्रेणीनुसार बदलते. पहिल्या भागात 40 मीटरचे सहा स्प्रिंट असतात आणि प्रत्येक दोन स्प्रिंटच्या मध्ये जेमतेम मिनिटभराची विश्रांती मिळते. सहांपैकी एक चुकला तर सातवी संधी मिळते, दोन चुकले तर चाचणी तेथेच संपते. दुसऱ्या भागात 75 मीटर धावायचे आणि 25 मीटर चालायचे असते, आणि हे चाळीस वेळा, म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकच्या दहा फेऱ्या. आमच्या गटाला धावण्यासाठी 17 आणि चालण्यासाठी 24 सेकंद होते. ध्वनिमुद्रित शिट्टी वाजली की निघायचे आणि पुढची वाजण्याआधी खुणेपर्यंत पोहोचायचे, असे सुमारे 27 मिनिटे चालते.

मी स्प्रिंट पूर्ण केले आणि सातव्या फेरीत थांबले. पाय दुखत नव्हते, श्वासच पुरत नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली, मी ट्रॅकच्या कडेला बसले आणि माझ्या नावापुढे अनुत्तीर्ण अशी नोंद झाली. परत येताना आयर्विन पुलावर गाडी थांबवून बराच वेळ कृष्णेच्या पाण्याकडे पाहत उभी राहिले होते. पुढची चाचणी 6 ऑक्टोबरला होती, म्हणजे हातात नऊ आठवडे होते.

डॉक्टरांकडे गेल्यावर रक्ताची तपासणी झाली आणि हिमोग्लोबिन 9.8 निघाले. वर्षानुवर्षे मी थकव्याला कामाचा थकवा समजत होते. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा टाळण्यास सांगितले, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. पंच होऊ इच्छिणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझी पहिली सूचना हीच राहील, की बूट विकत घेण्याआधी रक्त तपासून घ्या.

सरावासाठी आठवड्यातील तीन दिवस ठरवले. मंगळवारी पहाटे आमराईत संथ धाव, गुरुवारी विलिंग्डनच्या मैदानावर 75 आणि 25 मीटरच्या खुणा लावून अंतराची धाव, आणि शनिवारी छोटे स्प्रिंट, त्यातही मागे धावणे आणि आडवे धावणे. या शेवटच्या प्रकाराकडे नवशिके दुर्लक्ष करतात. खेळाडूला चेंडूकडे धावायचे असते, तर पंचाला खेळाकडे तोंड ठेवून धावायचे असते, त्यामुळे तो कधी मागे, कधी आडवा, कधी चालत आणि क्षणात वेगाने असा सामनाभर हजाराहून अधिक वेळा चाल बदलतो. आंतरराष्ट्रीय पातळीवरचा पंच एका सामन्यात साधारण 10 ते 12 किलोमीटर अंतर कापतो. एवढे अंतर सरळ रस्त्यावर धावणे आणि असे तुकड्यातुकड्यांत धावणे यांत फार फरक आहे. पोटऱ्या आणि मांडीचे मागचे स्नायू याच तुकड्यांमुळे दुखावतात. चौथ्या आठवड्यात माझी डावी पोटरी ताणली गेली आणि आठ दिवस घरी बसावे लागले.

6 ऑक्टोबरला दहावी फेरी पूर्ण झाली तेव्हा मला बोलता येत नव्हते. वर्गातील आमच्या सरांनी पाण्याची बाटली हातात देऊन एवढेच विचारले, "आता बसायचं नाही, चालत राहा. शेवटच्या फेरीत समोर कोणत्या रंगाचा खुणेचा शंकू होता, सांगता येईल का?" मला सांगता आले नाही. ते म्हणाले, "याच अवस्थेत तुला 88 व्या मिनिटाला पेनल्टी ठरवायची आहे, हे लक्षात ठेव." त्या वेळी मला ते थोडे कठोर वाटले होते.

नोंदणीपत्र मिळण्यास आणखी 18 दिवस लागले. साहित्याचा खर्च असा झाला : पंचाचा पोशाख दोन रंगांत 1,900 रुपये, बूट 2,400, दोन साधी घड्याळे 900, कार्ड आणि वही 250, झेंड्यांची जोडी 450, आणि फॉक्स 40 शिट्टी 480 रुपये. शिट्टीवर इतका खर्च कशासाठी, असे घरी विचारले गेले. या शिट्टीत मणी नसतो, त्यामुळे ती पावसात, घामात आणि जोरात फुंकल्यावरही अडकत नाही. रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडातील बास्केटबॉल पंचाची शिट्टी एका सामन्यात ऐन वेळी मणी अडकून वाजली नाही, त्या अनुभवातूनच तिचा जन्म झाला. दोन घड्याळे घ्यावीत, एक सलग चालू ठेवावे आणि दुसरे खेळ थांबताच थांबवावे, म्हणजे वाढीव वेळेबाबत मनात शंका राहत नाही. शंकेचे एक कारण कमी झाले, तर तेवढा ताणही कमी होतो.

नोव्हेंबरात शालेय सामन्यांना सहायक पंच म्हणून, लोकांच्या भाषेत लाइनमन म्हणून, सुरुवात झाली. प्रत्येक सामन्याचे मानधन 200 रुपये होते. लाइनवर अंतर कमी कापावे लागते, पण डोळ्यांवरचा भार मोठा असतो. ऑफसाइड ठरवताना, म्हणजे आक्रमक खेळाडू नियमापेक्षा पुढे गेला आहे का हे पाहताना, चेंडू पाठवला जातो तो क्षण आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूची रेष, या दोन गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागतात आणि त्या मैदानाच्या दोन वेगळ्या भागांत असतात. तुम्ही त्या रेषेच्या मीटरभर मागे किंवा पुढे राहिलात, तर पाहण्याचा कोन बदलतो आणि बरोबरीत असलेला खेळाडू पुढे गेलेला दिसू लागतो. लक्ष कमी पडले म्हणून नव्हे, तर उभे राहण्याची जागा चुकली म्हणून झेंडा चुकतो. 2002 च्या विश्वचषकात भारताचे के. शंकर सहायक पंच होते, हे सरांनी वर्गात सांगितले होते. लाइनवरच्या त्या पाच आठवड्यांत त्यांच्याविषयीचा माझा आदर फार वाढला.

15 डिसेंबरला पहिल्यांदा मध्यभागी, म्हणजे मुख्य पंच म्हणून, उभी राहिले. सोळा वर्षांखालील मुलांचा, 35 मिनिटांच्या दोन डावांचा सामना होता. मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ मुद्दाम मागून घेतले होते. माझ्या वयाला नाडीचा कमाल वेग सुमारे 188 धरला जातो, आणि सामन्यातील माझी सरासरी 163 आली, म्हणजे कमाल वेगाच्या जवळजवळ 87 टक्के. मोठ्या पंचांवर झालेल्या अभ्यासांत ही सरासरी 85 टक्के आणि त्याहून अधिक आढळली आहे. माझ्याबाबतीत लक्षात राहण्यासारखी गोष्ट वेगळी होती. नाणेफेकीच्या वेळी, एक पाऊलही धावले नसताना, आकडा 128 होता. तो आकडा धावण्यामुळे आलेला नव्हता, सगळा मनाचाच होता.

त्या दिवशी मला समजले की पंचाच्या शरीरावर एकाच वेळी दोन ओझी असतात आणि हृदय त्या दोघांत भेद करत नाही. 2000 च्या युरो स्पर्धेतील पंचांच्या अभ्यासात एका सामन्यात सरासरी 137 दिसून येणारे निर्णय मोजले गेले होते, म्हणजे 90 मिनिटांच्या हिशेबाने साधारण दर 40 सेकंदांना एक. शिट्टी न वाजवण्याचा निर्णय घेतला, तर तो बहुधा कोणाला दिसतही नाही. असे निर्णय घेताना श्वास फुललेला असतो, तोंड कोरडे असते आणि नजर आपोआप आकुंचित होऊन फक्त चेंडूपुरती उरते. चेंडूपासून दूर, पाठीमागे कोणी कोणाला कोपर मारले, ते अशा नजरेला दिसत नाही.

जानेवारीत खुल्या गटाचे सामने सुरू झाले आणि प्रेक्षक आले. आवाजाबद्दलचा एक अभ्यास मला त्या काळात फार उपयोगी पडला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या इंग्लंडमधील प्रयोगात 40 पात्र पंचांना एकाच सामन्यातील 47 टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचे प्रयत्न, चित्रफितीवर दाखवले गेले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले आणि त्यांच्या मनात संभ्रमही अधिक राहिला. म्हणजे गर्दीचा परिणाम होणे हा स्वभावाचा दुबळेपणा नाही, ते माणसाच्या मेंदूचे सामान्य वागणे आहे. हे वाचल्यावर मी स्वतःला दोष देणे थांबवले आणि एक सवय लावून घेतली. मोठा आरडाओरडा झाला की निर्णय जाहीर करण्याआधी एक श्वास घ्यायचा आणि मनातल्या मनात विचारायचे, की मी हे पाहिले की ऐकले?

23 फेब्रुवारी 2025 च्या सामन्यात मात्र ही सवय उपयोगी पडली नाही. ती स्पर्धा, ते गाव आणि ते संघ यांची नावे मी देणार नाही. स्पर्धेचा बाद फेरीचा सामना होता, मैदानाभोवती सात-आठशे माणसे होती आणि दोरीपलीकडे उभे असलेले लोक दोरीच्या आत आले होते. हळदीचा हंगाम जोरात असल्यामुळे आदल्या रात्री साडेअकरापर्यंत मी हिशेबच करत होते आणि सकाळी नीट जेवलेही नव्हते. 1–1 अशी बरोबरी होती. 83 व्या मिनिटाला पाहुण्या संघाने वेगाने प्रतिहल्ला केला, आणि मी जवळजवळ 35 मीटर मागे राहिले. पाय उचलले जात नव्हते. यजमान संघाच्या डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्रात, खेळाडू पडला, मला मागून फक्त पडणारे शरीर दिसले, आणि मी शिट्टी वाजवून पेनल्टी दिली.

दोन दिवसांनी कोणीतरी मोबाइलवर टिपलेले चित्रण मी पाहिले. बचावपटूचा पाय आधी स्वच्छपणे चेंडूला लागला होता. माझा निर्णय चुकला होता.

त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हते, तरी आतून खात्री नव्हती, आणि समोरच्या माणसांना ती उणीव लगेच जाणवते. आठ-दहा खेळाडूंनी मला घेरले. "ओ मॅडम, दिसतंय का न्हाई? एवढ्या लांबनं कसली पेनल्टी देताय?" हे वाक्य मला स्पष्ट आठवते, कारण त्यातला आक्षेप खरा होता. त्यानंतरचे बोलणे मी स्त्री असण्यावरून होते आणि ते येथे लिहिण्यासारखे नाही. एका खेळाडूने खांद्याला धरून मला मागे ढकलले. मी लाल कार्ड दाखवले, माझा हात थरथरत होता. सामना 2–1 असा संपला. पाण्याच्या बाटल्या आल्या, एक पाठीला लागली. बाहेर माझी दुचाकी वीस मिनिटे अडवून ठेवली होती, शेवटी आयोजकांपैकी दोन वयस्कर गृहस्थ पुढे आले आणि मोठ्या रस्त्यापर्यंत माझ्या मागे गाडी घेऊन आले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या रात्री मी जे काम केले ते पुढे सर्वांत उपयोगी ठरले, म्हणून सविस्तर सांगते. झोपण्याआधी मी अहवाल लिहिला. आमच्याकडे तो 48 तासांत द्यावा लागतो. त्यात मिनिट, जर्सी क्रमांक, कोण कोठे उभे होते आणि कोणता शब्द उच्चारला गेला, एवढेच लिहावे. अपशब्द वापरले, असे लिहून भागत नाही, तो अपशब्द जसाच्या तसा लिहावा लागतो. विशेषणे टाळावीत, आपला अंदाज लिहू नये आणि संतापही लिहू नये. दोन्ही सहायक पंचांनी आपापली टिपणे एकमेकांशी न बोलता लिहावीत. पाठीवरच्या वळाचे छायाचित्र आईने काढले, ते मी अहवालाला जोडले आणि सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवली.

आई छायाचित्र काढताना काही बोलली नाही. सकाळी चहा देताना म्हणाली, "तुला दोनशे-चारशे रुपयांसाठी हे कशाला हवंय? रविवारी घरी बसत जा बाई." माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढचे दहा दिवस वाईट गेले. रात्री दोन-अडीचला जाग येई, जबडा आवळलेला असे. सर्वांत अनपेक्षित त्रास मार्केट यार्डात झाला. हळदीच्या सौद्याच्या वेळी माणसांचा घोळका ढिगापुढे उभा राहून मोठ्याने बोलू लागला की माझी छाती धडधडू लागे आणि तळहातांना घाम सुटे. हा आवाज मी सहा वर्षे रोज ऐकत आले होते. वर्गात आम्हाला 11 डिसेंबर 2023 ची घटना सांगितली गेली होती, तुर्कस्तानातील वरच्या लीगच्या सामन्यानंतर एका क्लबच्या अध्यक्षाने पंच हालिल उमुत मेलेर यांना मैदानातच ठोसा मारला होता आणि तेथील लीग स्थगित करावी लागली होती. तेव्हा ती मला दूरची बातमी वाटली होती.

6 मार्चला रात्री मी 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोलले. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. पलीकडच्या ताईंनी पाऊण तास ऐकून घेतले आणि प्रत्यक्ष समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला दिला. मिरजेत एका समुपदेशक बाईंकडे चार भेटी झाल्या, प्रत्येकी 600 रुपये. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की शरीराने धोका नोंदवून ठेवला आहे, तुम्ही त्याच्याशी वाद घालू नका, त्याला थोडे थोडे सुरक्षित अनुभव द्या. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला अधिक वेळ लावणे, हा त्यांचा मुख्य सराव होता, चार अंक मोजत आत आणि सहा मोजत बाहेर. चेंडू मैदानाबाहेर गेला की थ्रो-इन होईपर्यंत असे दोन श्वास सहज होतात, म्हणजे सामनाभरात नाडी खाली आणण्याच्या कितीतरी जागा आपोआप मिळतात. चुकलेल्या निर्णयासाठी त्यांनी मला एक शब्द ठरवायला सांगितला. मी "पुढचा चेंडू" हे शब्द घेतले. एखादी चूक डोक्यात राहिली की पंच नकळत दुसऱ्या संघाला काहीतरी देऊन भरपाई करू पाहतो, आणि तेथे एका चुकीच्या दोन होतात.

याच दिवसांत मामांचा फोन आला. त्यांना आईकडून समजले होते. तरुणपणी ते स्वतः खेळलेले आहेत. मी सगळे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पोरी, तुझा निर्णय चुकला नाही. तू तिथं पोचलीच नव्हतीस, मग निर्णय कसला?"

या वाक्याने माझे बरेच काही सरळ केले. मी त्या दिवसाची उजळणी गर्दीपासून सुरू करत होते, आणि खरी सुरुवात आदल्या रात्रीच्या अपुऱ्या झोपेत आणि सकाळच्या रिकाम्या पोटात होती. पाय थकले म्हणून अंतर राहिले, अंतरामुळे खात्री नव्हती, खात्री नसल्याने आवाज कापला, आणि कापलेला आवाज ऐकून माणसे अंगावर आली. त्यांच्या वागण्याचे समर्थन मी करत नाही, त्याचा निवाडा वेगळ्या ठिकाणी व्हायचा होता. परंतु या साखळीतील पहिल्या दोन कड्या माझ्या हातात होत्या. तेव्हापासून सामन्याच्या आदल्या रात्री दहानंतर काम घेत नाही, हे मी पेढीच्या मालकांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. सामन्याच्या तीन तास आधी भात-वरण, तासभर आधी केळे. आणि मैदानावर कर्णाची, म्हणजे एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे जाणारी तिरपी वाट, जी इंग्लंडचे पंच स्टॅन्ली राउस यांनी रूढ केली आणि आम्ही वर्गात फळ्यावर काढली होती, ती आता मी पायांनी पाठ केली. चेंडूमागे धावायचे नाही, चेंडू जेथे जाणार आहे त्या बाजूला आधी सरकायचे. आठवडाभर सराव केल्यावर माझ्या ध्यानात आले की नीट वाचलेल्या सामन्यात धाव कमी लागते.

23 मार्चला तेरा वर्षांखालील मुलांच्या सामन्यात झेंडा घेऊन परतले. 5 एप्रिलला शिस्तपालन समितीपुढे सुनावणी झाली. तो खेळाडू त्याच खोलीत, दोन खुर्च्या सोडून बसला होता, याची पूर्वकल्पना मला कोणी दिली नव्हती. तुम्हाला अशा सुनावणीला जावे लागले तर बसण्याच्या व्यवस्थेची चौकशी आधी करा आणि सोबत कोणाला तरी न्या. पंचवीस मिनिटे प्रश्न झाले. पेनल्टीचा निर्णय चित्रण पाहता चुकीचा होता, हे मी स्वतःहून सांगितले. खेळातील वस्तुस्थितीविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो, त्यामुळे निकाल बदलणार नव्हता, परंतु ते कबूल केल्यावर माझ्या अहवालातील उरलेल्या भागावर कोणी शंका घेतली नाही. 21 एप्रिलला पत्र आले. त्या खेळाडूवर चार सामन्यांची बंदी आणि त्याच्या संघाला लेखी ताकीद देण्यात आली होती. एकूण आठ आठवडे लागले.

एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाबद्दल थोडक्यात. दुपारी साडेतीनच्या एका सामन्याआधी आणि नंतर मी वजन केले, तर 54 किलोंतून 1.6 किलो कमी झाले होते, म्हणजे जवळजवळ 3 टक्के. दोन टक्क्यांपुढे पाणी कमी झाले की धावण्यावर परिणाम होतो, आणि एकाग्रताही ढळू लागते. नियमांत पाण्यासाठी एक मिनिटापर्यंतची आणि अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांची विश्रांती देण्याची मुभा आहे. आयोजकांशी सामन्याआधीच बोलून ती ठरवून घ्यावी, आणि त्या वेळी खेळाडूंसोबत पंचांनीही पाणी प्यावे. मी मध्यंतराला ओआरएस घेते.

18 मे रोजी नियुक्त्यांच्या यादीत मला फेब्रुवारीतल्या सामन्यातला तोच यजमान संघ दिसला. मी नकार देऊ शकले असते, आणि तसे विचारलेही गेले. विचार करायला एक रात्र मागून मी होकार कळवला. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना मी सांगितले की निर्णयाविषयी फक्त कर्णधार माझ्याशी बोलेल, बाकी कोणी जवळ येणार नाही. 2024 च्या युरो स्पर्धेत हीच पद्धत वापरली गेली होती. त्यांच्या कर्णधाराने मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीचं चुकलंच आमचं." मीही म्हणाले, "पेनल्टी माझीही चुकली होती." यापलीकडे काही बोलणे झाले नाही. नाडी तेव्हा 109 होती. 71 व्या मिनिटाला त्यांच्याच डीमध्ये पुन्हा एक खेळाडू पडला. या वेळी मी बारा मीटरवर, बाजूला होते, आणि दोघांच्या पायांमधली चेंडूची जागा मला स्वच्छ दिसत होती. मी दोन्ही हात आडवे करून खेळ चालू ठेवण्याची खूण केली. गॅलरीतून आवाज आला, मैदानावर मात्र कोणी थांबले नाही.

जुलैत उजळणी वर्ग झाला. गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात ठेवल्यास आता प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, हा या हंगामातला नवा बदल तेथे समजावला गेला. शेवटच्या पाच सेकंदांची उलटी गणना पंचाने हात उंचावून दाखवायची असते. पंचाने मोजायच्या गोष्टींत आणखी एक भर पडली, म्हणून मी त्याचा वेगळा सराव करत आहे.

3 ऑगस्टला वार्षिक शारीरिक चाचणी होती. दहा फेऱ्या पूर्ण झाल्यावर मी बसले नाही, चालत राहिले. सरांनी या वेळी काही विचारले नाही, म्हणून मीच त्यांना सांगितले की शेवटच्या वळणावरचा खुणेचा शंकू नारिंगी होता आणि त्याच्यापलीकडे निळ्या शर्टातील एक मुलगा बुटाची नाडी बांधत होता. नूतनीकरणाच्या अर्जावर गेल्या हंगामातील सामन्यांच्या रकान्यात मी 43 लिहिले, पंच म्हणून 17 आणि सहायक म्हणून 26, आणि 500 रुपये भरून पावती घेतली. आईने विचारले, पुढचा सामना कधी आहे. 24 तारखेला, दुपारी चारला, मिरजेत, असे मी सांगितले. तिने दिनदर्शिकेवर खूण केली आणि त्या दिवशी जेवण किती वाजता लागेल तेही विचारून घेतले.